बारा दारांचा झिम्मा

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नाचाबद्दल बोलायला मी उभी राहिले, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली ती मला ऐकू आली. बरोबरच आहे. आठवी ते दहावी, एकाही गॅदरिंगच्या नाचात मी नव्हते. आठवीत निवडीच्या वेळी शिवणाच्या बाईंनी मला दोन फेऱ्या घालायला लावल्या आणि मग फार प्रेमाने टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात दिला. तीन वर्षं मी विंगेत बसून कॅसेट लावली. गाणं पहिल्या ठोक्यापासून लागावं म्हणून पेन्सिल घालून रीळ मागे फिरवायची, रंगीत तालमीत कुठे अडकलं ते कागदावर लिहून ठेवायचं, आणि ऐन कार्यक्रमात वीज गेली की बाईंकडे बघायचं. बाई फूटपट्टीने टेबलावर ठेका धरायच्या आणि मुली अंधारातही नाचत राहायच्या. पुढे इंजिनीअरिंग केलं, गेली पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कामात फार फरक पडलेला नाही. नाचणाऱ्या पुढे, मी विंगेत.

आज बोलायचं आहे ते आपल्या बाराजणींच्या नाचाच्या फिल्मबद्दल. म्हणजे दोन फिल्मबद्दल. दुसरी तुम्ही बहुतेकांनी पाहिली आहे, पहिली काहींनीच. पहिलीबद्दल मी आजवर कुठे बोलले नाही. बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा खोटं बोलायची सोय नाही.

जून २०२० मध्ये बाईंचा फोन आला. बाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या. म्हणाल्या, "यंदा श्रावण २१ जुलैला लागतोय, आणि पहिलाच दिवस मंगळवार. कुणाकडे मंगळागौर जागवायला जाता येणार नाही. नववीत तुम्ही केलेले खेळ मला परत बघायचेत. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर होईल का?"

मी "हो" म्हणून टाकलं. आमच्या धंद्यात आधी हो म्हणायचं आणि मग विचार करायचा, अशी रीतच आहे.

नववीच्या नाचातल्या बाराजणी तेव्हा पुणे, ठाणे, नाशिक, दुबईपासून थेट सॅन होजेपर्यंत पसरलेल्या होत्या. पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जमलो. फुकटच्या कॉलला चाळीस मिनिटांची मर्यादा होती, शाळेच्या तासासारखी. अर्धा तास रडण्याहसण्यात गेला. मग बाई म्हणाल्या, "चला, झिम्मा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. दुसऱ्या वेळी तर काहीच ऐकू आलं नाही. नुसते हात हलताना दिसत होते.

याचं कारण थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या गॅदरिंगच्या रंगमंचावर एका टोकाची टाळी दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतच होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला सुमारे ३० मिलिसेकंद. तेवढा उशीर आपल्या कानाला कळत नाही. पण पुण्याहून सॅन होजे सुमारे १३,६०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला अंदाजे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी ६८ मिलिसेकंद नुसत्या प्रवासाला लागणार. त्यावर चित्र आवळणं, पाकिटं करून पाठवणं, पलीकडे ती उलगडणं. सगळं मिळून कॉलवर पाव सेकंद सहज जातो. झिम्मा रंगात आला की मिनिटाला १२० टाळ्या पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. पाव सेकंद उशीर म्हणजे तुमची टाळी नेमकी माझ्या दोन टाळ्यांच्या मधोमध. आणि ऐकू काहीच आलं नाही त्याचं कारण तर आणखी मजेशीर. असे कॉल माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेले असतात. टाळ्या आणि घुंगरू यांना ते गोंगाट समजतात आणि पुसून टाकतात.

हा उशीर कुठलाही इंजिनीअर शून्यावर आणू शकत नाही. प्रकाशाशी घासाघीस करता येत नाही. म्हणून दुसरी वाट धरावी लागते. सगळ्यांनी एकाच ध्वनिमुद्रणावर आपापल्या घरी, आपापल्या वेळी, एकटीने नाचायचं, चित्रण पाठवायचं आणि मग कुणीतरी एकाने ते जुळवायचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्डमधल्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी 'बोलेरो' असंच आपापल्या घरून केलं होतं, पॅरिस ऑपेराच्या नर्तकांनीही स्वयंपाकघरात, बाल्कनीत नाचून फिल्म केली होती. मला त्यातून धीर आला. खरं तर युक्ती फार जुनी आहे. सिनेमातला नाच आधी मुद्रित केलेल्या गाण्यावरच होतो. 'झनक झनक पायल बाजे'मध्ये गोपीकृष्ण नाचले तेव्हाही, १९५५ मध्ये. आणि तुकडे जोडण्याबद्दल म्हणाल, तर माया डेरेन या बाईंनी १९४५ मध्ये अमेरिकेत नर्तक टॅली बीटी यांना घेऊन काही मिनिटांची मूक फिल्म केली. त्यात नर्तक झाडांमध्ये पाय उचलतो आणि तो पाय घरातल्या खोलीत टेकतो. पाय एकच, जागा दोन. मधलं अंतर बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. झिम्म्याला मला हेच हवं होतं. ठाण्यातून निघालेला हात दुबईत टाळीला पोचायचा होता.

गाणं बाईंनीच म्हटलं, फोनवर मुद्रित करून पाठवलं. ठेका टेबलावर, फूटपट्टीनेच. मी ते कॉम्प्युटरवर मोजलं. सुरुवातीला मिनिटाला ९६ ठोके आणि शेवटी १२४. मी म्हटलं, "बाई, लय वाढत जातेय, मी मेट्रोनोम लावून सरळ करून घेते." बाई म्हणाल्या, "झिम्म्याला घड्याळ लावतेस? तो चढतच जातो. न चढला तर ती कवायत." तेव्हा घड्याळ बाजूला ठेवलं आणि बाईंचा प्रत्येक ठोका हाताने खूण करून त्याचाच नकाशा केला. फिल्मच्या चार मिनिटांसाठी त्या ४०० हून अधिक खुणा करायला मला एक शनिवार लागला.

मग क्लिपा येऊ लागल्या. प्रत्येकीला सांगितलं होतं, एका फोनवर गाणं लावा, दुसऱ्यावर शूट करा, आणि आधी डोक्यावर हात नेऊन एक ठसठशीत टाळी द्या. त्या टाळीचं चित्र आणि आवाजातलं टोक एकमेकांवर बसवलं की पुढचं सगळं जुळतं. निदान जुळायला हवं. पण फोन दर सेकंदाला बरोबर ३० चित्रं घेत नाही, कधी २९, कधी ३०, उजेड कमी झाला की आणखी कमी. सुरुवातीला जुळलेली क्लिप शेवटी घसरलेली असते. आधी प्रत्येक क्लिप एका सॉफ्टवेअरमधून काढून ठरावीक वेगाची करून घ्यावी लागते, हे मला पाचव्या क्लिपनंतर कळलं. नाशिकची मैत्रीण प्रत्येक टाळीला सारखीच मागे पडत होती, चालत होती तेही मागेच. दोन दिवस मी सगळं तपासलं. शेवटी निघालं की ती ब्लूटूथचे इअरफोन लावून नाचत होती. तिला गाणंच उशिरा ऐकू येत होतं. साधे वायरचे लावल्यावर ठीक झाली. तिने मात्र ग्रुपवर जाहीर केलं की नववीतही तिचा दोष नव्हता.

आणि आता जे सांगायचं ते.

बाराव्या मैत्रिणीचं नाव मी घेणार नाही. गोष्ट सांगायला तिने परवानगी दिली आहे, नावाला नाही. ती मुंबईपासून लांब, लोकलच्या शेवटच्या टोकाकडे राहते. एक खोली, मोरी, बाहेर सामायिक गॅलरी. तिची क्लिप सगळ्यात शेवटी आली. उभी, अंधारी. ट्यूबलाइटच्या उजेडामुळे चित्रावर आडवे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब १०० वेळा लुकलुकते, आणि कॅमेऱ्याचा वेग तिच्याशी जुळला नाही की असे पट्टे येतात. मागे खाट, खाटेवर झोपलेले सासरे, पाण्याचं पिंप, दोरीवर कपडे. त्यात व्हॉट्सअ‍ॅपने नेहमीप्रमाणे पाठवल्यामुळे चित्र आवळून निम्मं झालेलं. मूळ फाइल मागवावी तर तेव्हा डॉक्युमेंट म्हणून १०० एमबीपर्यंतच जायची, आणि चार मिनिटांची फाइल तिच्या चौपट. ड्राइव्हवर चढवायला सांगावं तर तिच्याकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यात मुलाची ऑनलाइन शाळा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. रात्रीचे दोन वाजले होते. मी तिची क्लिप काढून टाकली. चार गुणिले तीनच्या चौकटीत तिच्या जागी शाळेच्या फाटकाचा फोटो लावला आणि फिल्म ग्रुपवर पाठवली. कौतुकाचा पाऊस पडला. तिनेही लिहिलं, "छान झालंय." दोन दिवसांनी ती ग्रुपमधून बाहेर पडली. आमच्या कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बाईंच्या आलं. त्यांचा फोन आला. फिल्म चार वेळा पाहिली म्हणाल्या. मी वाट पाहत होते शाबासकीची. बाई म्हणाल्या, "अगं, फाटकाला टाळी कोण देतंय?"

एवढंच. रागावल्या नाहीत. झिम्मा अकराजणींचा होत नाही, एकीचा हात हवेत राहतो, हे शाळेत बाईंनीच शिकवलेलं. फिल्ममध्ये शेजारच्या चौकटीतली ठाण्याची मैत्रीण चार मिनिटं हसत हसत एका लोखंडी फाटकाला टाळ्या देत होती, आणि ते मला दिसलं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलेलं कारण तांत्रिक होतं. क्लिप उभी, अंधारी, आवळलेली. मग मी फाइली परत उघडल्या. दुबईच्या मैत्रिणीची क्लिपही उभीच होती. ती मी कापून आडवी केली होती, रंग सुधारले होते, तिच्यावर दीड तास घालवला होता. तिच्या मागे मोठा हॉल होता, पांढरा सोफा होता, कुंड्या होत्या. या मैत्रिणीच्या क्लिपवर मी किती वेळ दिला, ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं असतं. सहा मिनिटं.

शाळेच्या रंगमंचावर आपण बाराजणी सारख्या दिसत होतो, ते आठवतं का? भाड्याच्या हिरव्या नऊवाऱ्या, एकाच डबीतली लाली, एकाच पेटीतल्या खोट्या नथी. कुणाचं घर माडीचं, कुणाचं कुडाचं, ते विंगेच्या बाहेर राहायचं. पडदा मागे एकच. बाईंनी ते मुद्दाम केलं होतं हे मला आता कळतं. नऊवाऱ्या भाड्याने आणण्याऐवजी घरून आणायला सांगणं सोपं होतं. आणि मी, इतकं शिकून, जी फिल्म केली तिच्यात प्रत्येकीच्या मागे तिचं घर होतं. एवढंच नाही, तर ते घर बघून मी निवड केली.

मी तिला फोन केला. आधी खूप तांत्रिक बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढलंस त्याचं काही नाही गं. विचारलं का नाहीस? मी गॅलरीत केलं असतं." ते शूट तिने पहाटे साडेचारला केलं होतं, पाणी यायच्या आधी. गाण्यासाठी शेजारणीचा फोन मागून आणला होता, घरात फोन एकच. पाच वेळा केलं, आवाज कमी ठेवून, सासरे उठू नयेत म्हणून. पायात घुंगरू बांधले नव्हते. चित्रात तिचे पाय अलगद पडत होते, आणि मला ती 'एनर्जी कमी' वाटली होती.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं आणि पहिली फिल्म सगळ्यांनी काढून टाकावी म्हणून सांगितलं. ती लगेच परत आली नाही. सात महिने आली नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या बाराजणींपैकी एकीचे यजमान त्या मे महिन्यात गेले. त्यामुळे श्रावणात पुन्हा खेळ करूया असं बाई म्हणाल्या, तेव्हा तिने विचारलं, "मी आता मंगळागौरीत कशी चालेन?" बाई म्हणाल्या, "मग मी तुम्हाला इतकी वर्षं कशी शिकवत होते?" बाई पस्तिसाव्या वर्षापासून एकट्या आहेत. आमच्यातल्या कुणाच्याही हे कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या फिल्मची कल्पना माझी नाही. जिची क्लिप काढली, तिची आहे. बाईंनी तिला परत आणलं. कसं ते मला सांगितलेलं नाही. ती कॉलवर आली आणि म्हणाली, "सगळ्यांनी दारात उभं राहू या. दार प्रत्येकीला आहे. आणि दाराची रुंदी सगळीकडे तेवढीच असते."

इंजिनीअर म्हणून मी हे ऐकून गप्प झाले, कारण एका वाक्यात तिने माझे सगळे प्रश्न सोडवले होते. घराचं दार साधारण तीन फूट. बाहेरच्या बाजूने, सात फुटांवर स्टुलावर फोन ठेवायचा, उभा. मागचं घर दिसतच नाही. दार अर्धं लोटून त्यावर एकाच प्रकारची हिरवी साडी सोडायची. उजेड बाहेरचा, म्हणजे ट्यूबचे पट्टे गेले. जो उभा फोन मला वर्षापूर्वी अडचण वाटला, तोच आता नियम झाला. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. सहा दारं वर, सहा खाली. प्रत्येक चौकट ३०४ बाय ५४०, फोनच्या मापाची अगदी बरोबर, आणि दोन दारांमध्ये १६ पिक्सेलची काळी रेघ उरते. तीच भिंत. सगळी दारं एकत्र लावली आणि पडद्यावर एकमजली चाळ उभी राहिली.

बाईंनी गोल कागदावर काढून दिला. वरची ओळ डावीकडून उजवीकडे, खालची उजवीकडून डावीकडे. कोपऱ्यातल्या चौघींनी टाळी शेजारी न देता वर-खाली द्यायची. चौकटीला खांद्याच्या उंचीवर लाल दोरा बांधायचा आणि ठोक्याला हात त्या दोऱ्यापाशी चौकटीबाहेर न्यायचा. हात खरं तर कुठेच भेटत नाहीत. एक भिंतीत शिरतो, दुसरा पलीकडच्या भिंतीत शिरतो, आणि आवाज येतो. तरी बघताना टाळी बसलेली दिसते.

फाइलींची सोयही या वेळी आधी केली. ज्यांना चढवणं कठीण, त्यांच्याकडून मेमरी कार्ड कुरिअरने मागवलं. चार दिवस लागले. कुठल्याही केबलपेक्षा सावकाश, पण एकही चित्र आवळलं गेलं नाही.

जुळवताना मी पुन्हा खोडी केली. प्रत्येकीची टाळी चित्रागणिक सरकवून बाईंच्या ठोक्यावर नेमकी बसवली. बाईंना पाठवलं. बाई म्हणाल्या, "नाशिकची इतकी वेळेवर कधीपासून?" मी सगळं सरकवलेलं परत जागेवर ठेवलं. तर तिचा दोष इअरफोनचा नव्हता, हे आज सर्वांसमोर नोंदवते.

फुगडीचं मात्र काही जमेना. हात धरून गिरकी घ्यायची, तोल दुसरीच्या हातावर टाकायचा. ते कुठल्या सॉफ्टवेअरने होणार? बाई म्हणाल्या, "घरात जे असेल त्याला धरा." म्हणून त्या वीस सेकंदांत तुम्हाला एक सासूबाई दिसतील, एक अमेरिकेतला नवरा दिसेल ज्याला अजून कळलेलं नाही आपण काय केलं, आणि चौदा वर्षांचा एक मुलगा, आईपेक्षा उंच झालेला, वाकून फुगडी घालताना. ज्या मैत्रिणीच्या घरी कुणी नव्हतं तिने दाराची कडी धरली. मी त्यात काही संगीत घातलेलं नाही. कडीचा आवाज आहे तसा ठेवला आहे.

फिल्म १० ऑगस्ट २०२१ ला, श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी, पूर्ण झाली. फोनच्या पडद्यावर प्रत्येक दार नखाएवढं दिसतं. मोठ्या पडद्यावर आज पहिल्यांदाच लागतेय. जिची कल्पना, तिचं दार खालच्या ओळीत डावीकडून तिसरं. या वेळी तिच्या पायात घुंगरू आहेत, ते नीट ऐका.

एक सूचना, विंगेतल्या माणसाची. स्पीकर पुढे आहेत आणि हॉल वीसेक मीटर लांब आहे. मागच्या बाकांवर प्रत्येक टाळी दोन चित्रं उशिरा पोचेल. त्याला माझा इलाज नाही, आणि तुम्हाला उशिराची सवयही आहे.

खांबाजवळ बसलेल्यांनी दिवे बंद करा. बाई, तुम्ही ठोका दिलात की लावते.